चोआ चू कांगमधून कॅनडातला बर्फ उडवला त्याची गोष्ट

ऐकायचंय ना? मग ऐका, पण आमच्या हिच्यासमोर पुन्हा हा विषय काढायचा नाही! माझ्या इंजिनियरिंगची अशी फजिती भर समुद्रातसुद्धा कधी झाली नव्हती. ती झाली इथे सिंगापुरात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली बनियनवर बसल्या बसल्या.

मी जहाजावर चीफ इंजिनियर. लोक म्हणतात, "वा, काय काय बर्फाळ देश पाहिले असतील!" कुठले पाहिले? वर बंदरात बर्फ पडत असायचा आणि मी खाली इंजिनरूममध्ये घामाच्या धारा पुसत असायचो. वर यावं तर जहाज निघालेलं! त्यामुळे बर्फ पडताना बघायचा राहूनच गेला. स्वप्नात मात्र पडायचा हो. आमच्या ब्लॉकखालच्या खाण्याच्या स्टॉल्सवर, म्हणजे हॉकर सेंटरवर, बसस्टॉपवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अगदी आवाज न करता. जाग आली की उकडत असायचं.

तर आमची मुक्ता. इथेच वाढली, लग्न होऊन कॅनडात गेली. दातांची डॉक्टर आहे, पण तिकडे कुणाच्या दाताला हात लावायचा तर आधी त्यांची परीक्षा द्यावी लागते. त्या सकाळी तिची परीक्षा होती आणि रात्रभर बर्फ पडून गाडीचा रस्ता गुडघाभर बुजलेला. पोरीचा वर्षभराचा अभ्यास गॅरेजात अडकून पडला होता म्हणा ना!

आमच्याकडे संध्याकाळ. जेवणं नुकतीच आटोपलेली. जावयाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, नवीन स्नो ब्लोअर आणलाय. पेट्रोलवर चालतो. पुढून बर्फ ओढून घेतो आणि नळीतून लांब फेकतो म्हणे. कधी चालवला नाही. जरा सांगता का?"

निषाद तसा मितभाषी. लग्न झाल्यापासून "हो बाबा" याच्यापलीकडे गेलेला नाही. त्याने मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. माझी छाती अशी फुगली, काय सांगू! हिला म्हटलं, "सुलभा, चहा टाक."

पडद्यावर मुक्ता डोकावली, बोलणं अजून तसंच सिंगापुरी. "बाबा, क्विक लाह! लेक्चर नको, मला निघायचंय."

ती गेली आणि मी लेक्चर सुरू केलं.

"जावईबापू, गॅरेजात पेट्रोल भरायचं नाही. यंत्र बाहेर काढा."

"काढलंय बाबा." त्याने फोन कुंपणाला टेकवून ठेवला.

"इंजिन गार आहे ना?"

"बाबा, बाहेर उणे अठरा आहे."

"तरी हात लावून बघा! जवळपास कुणी सिगारेट ओढत नाही ना?"

"जवळपास कुणीच नाही बाबा."

"डबा जमिनीवर ठेवा, मग ओता. टाकी काठोकाठ नको, वर जागा राहू द्या. सांडलं असेल ते पुसा. झाकण घट्ट. आता डबा लांब नेऊन ठेवा. आणखी लांब!"

बिचारा डबा घेऊन चालत चालत पडद्याच्या बाहेरच गेला.

इथपर्यंत माझं काही चुकलं नाही बरं का. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

"चोक पूर्ण ओढा. पेट्रोलचा कॉक उघडा. आता ती दोरी, जोरात!"

खर्र. काही नाही. पुन्हा खर्र. पुन्हा काही नाही.

"हवा अडकली असेल. ओढत राहा!"

आणि तेवढ्यात तिकडे बर्फ पडायला लागला.

अहो, काय सांगू तुम्हाला! पहाट अजून निळसर होती. एक दिवा लागलेला, आणि त्याच्या उजेडात पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी खाली येत होतं. पडत नव्हतं, येत होतं. कसलीच घाई नाही. सगळीकडे पांढरं, आपलं अंगण कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं, कळायला मार्ग नाही. मी पंख्याखाली बसलोय हे विसरलो, इंजिन विसरलो, दोरी ओढून धापा टाकणारा जावईही विसरलो. मला फार बरं वाटत होतं.

त्या उजेडात कुणीतरी मुलगी फावडं मारत होती. टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे तिने बघता बघता मोकळे केले.

"जावईबापू, बघा तुमची शेजारीण! काय लय आहे हाताला! ना यंत्र, ना आरडाओरडा. आमच्या मुक्ताला हे जन्मात जमायचं नाही."

निषादने मान वर केली. "बाबा, ती..."

"तुम्ही ओढा हो!"

तिची गाडी हळूच बाहेर पडली. मागचे लाल दिवे बर्फात विरत विरत दिसेनासे झाले. माझे डोळे भरून आले, खरंच!

तेवढ्यात निषाद चाचरत म्हणाला, "बाबा, यंत्राबरोबर आलेल्या या पिशवीत एक लाल किल्ली आहे. ही कुठे लागते का?"

झालं! ती किल्ली लावल्याशिवाय या पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीच पडत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेत तेल आपसूक पेटतं. सगळा जन्म डिझेलमध्ये गेलेल्या माणसाला किल्ली आठवणार कशी? मी म्हटलं, "मग लावा ना! मघाशीच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलत होतात बाबा."

किल्ली लावली, दोरी ओढली, आणि धडधडलं की हो! मी टाळ्या पिटल्या. सुलभा चहा घेऊन धावत आली.

"नळी फिरवा, दिव्याकडे फिरवा! मला बर्फ उडताना बघायचाय!"

त्याने निमूट फिरवली. बर्फाचं कारंजं उडालं हो! दिव्याच्या उजेडात उंच गेलं, क्षणभर तिथेच थांबल्यासारखं झालं आणि चमचमत खाली आलं. उभ्या आयुष्यात मी एवढं सुंदर काही पाहिलेलं नाही. पोटभर बघून घेतलं आणि मग ऐटीत म्हणालो, "आता मुक्ताला हाक मारा! म्हणावं, बापाने यंत्र चालू करून दिलं, आता रस्ता मोकळा झालाच समज!"

निषादने इंजिन बंद केलं. "बाबा, मुक्ता गेली."

"गेली? कशी?"

"ती फावडं मारत होती ना... ती मुक्ताच होती."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगत होतो, तर तुम्ही ओढा म्हणालात. आणि तुम्हाला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं, बाबा."

मी लगेच विषय बदलला, "पोचेल ना वेळेवर?"

"आरामात पोचेल. फक्त बाबा, तिने मोकळा केलेला रस्ता आपण आत्ता सगळा बुजवलाय. ती परत यायच्या आत काढायला हवा. आता नळी कुठल्या बाजूला फिरवू?"

मी तोंड उघडलं, पण सुलभाने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"निषाद, हे सांगतील ना, त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला!"