मागच्या रांगेत डावीकडून तिसरा

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. आणि मग, "कपाटाची किल्ली तुम्हाला द्यायला सांगून गेलेत." भास्कर देवरे गेला, त्याला आता सात आठवडे झाले. किल्ली तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात आहे. शर्ट बदलला की मी आधी ती काढून दुसऱ्या खिशात टाकतो, मग बाकीचं.

भास्कर अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होता आणि माझं तिथंच नाक्यावर झेरॉक्सचं दुकान. पहिल्यांदा आला तो गेटपासची झेरॉक्स काढायला, आणि सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, चहा पाजला, तेव्हापासून आमची गट्टी. त्याचे वडील, आप्पा, दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत होते. गावाकडे त्यांना छत्रीवाले आप्पा म्हणत. लहानपणी भास्करला वाटायचं, आपले वडील छत्र्या दुरुस्त करतात. हे तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

आप्पांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत एक फोटो होता. वीतभर लांबीचा, कडा पिवळ्या पडलेल्या. विमानापुढे आप्पा धरून अकरा जण, पाच बसलेले, सहा उभे, सगळे आपल्याच जिल्ह्यातले. कुणी वणीकडचा, कुणी मालेगावचा, एक तर पार पेठच्या डोंगरातला. आप्पांनी हयातीत दहा जणांची नावं-गावं सांगितली, भास्करनं ती फोटोमागे पेन्सिलीनं लिहून घेतली. अकरावा मागच्या रांगेत डावीकडून तिसरा. कोवळा चेहरा, टोपी जरा तिरपी, आणि फोटो काढणाऱ्याकडे न बघता वर कुठेतरी बघतोय. त्याच्याबद्दल विचारलं की आप्पा म्हणायचे, "त्याची छत्री उघडली नाही." नाव विचारलं की उठून अंगणात जायचे. असं करत करत आप्पाच गेले, आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं.

आप्पांचे दिवस रामकुंडावर झाले तेव्हा भास्करला ही गोष्ट खरी लागली. गुरुजी नाव विचारत होते, तो सांगत होता, पाणी सोडत होता. मला नंतर म्हणाला, "त्या पोराला कुणी पाणी दिलं असेल का रे? गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात. नाव माहीत नसलं तर काय म्हणायचं?" पुढे दर सर्वपित्रीला तो जायचा आणि फोटोतल्या गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन तिळाचं पाणी सोडायचा. अकराव्यापाशी आला की गुरुजी ज्ञात-अज्ञात म्हणून पुढे जायला बघायचे आणि हा त्यांना अडवायचा. "अज्ञात म्हणू नका गुरुजी. त्याच्या आईनं ठेवलं असेल ना काहीतरी नाव." ओंजळीतलं पाणी गळून जाईपर्यंत तसाच उभा राहायचा.

लष्कराच्या कचेरीला त्यानं पत्रं लिहिली. उत्तरं अगदी सभ्य यायची : शोध घेण्यासाठी संबंधित जवानाचं नाव व क्रमांक कळवावा. त्या उत्तरांच्या झेरॉक्स मीच काढून दिल्या आहेत. मग त्यानं दुसरा रस्ता धरला. रामकुंडावरच्या गुरुजींकडे गावोगावच्या घराण्यांच्या नामावळीची बाडं असतात. कोण कधी कुणाच्या अस्थी घेऊन आला, त्याची नोंद आणि आलेल्याची सही किंवा अंगठा. फोटोमागची गावं घेऊन भास्कर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गुरुजींपुढे मांडी ठोकायचा. नाव सापडलं की घराचा पत्ता लागायचा, पण नाव सापडलं याचा अर्थ तो माणूस गेला. एकामागून एक सापडत गेले. मग हा त्या घरी जायचा. कुणाच्या नातवानं पितळी बिल्ला दिला, कुणाच्या सुनेनं छत्रीच्या कापडाचं बाळाच्या झोळीला लावलेलं ठिगळ उसवून दिलं. सगळं त्याच्या लोखंडी कपाटात जमत गेलं. ही मुलं-नातवंडं वर्षातून एकदा त्याच्या घरी जमू लागली. वहिनी वीस-पंचवीस जणांची मिसळ करायच्या. पण फोटोतल्या त्या पोराचं नाव कुणालाच सांगता येईना. घरोघरी म्हाताऱ्यांनी तेवढंच गिळून टाकलं होतं.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. एका रविवारी भास्कर दुकानात अक्षरशः उड्या मारत आला. सटाण्यापुढच्या एका गावचं पान निघालं होतं. फोटोमागच्या दहांपैकी श्रावण नावाच्या माणसानं बापाच्या अस्थी आणल्याची नोंद, खाली अंगठा, आणि त्यापुढे काही नाही. "काही नाही, कळलं का लेका? म्हातारा जिवंत आहे!" लगेच निघायला बघत होता, फोटो शर्टाच्या आत छातीशी धरून. आणि मी, अतिशहाणा, म्हणालो, "मूळ फोटो एस.टी.च्या गर्दीत कशाला नेतोस? घामानं खराब होईल. थांब, झेरॉक्स देतो." नवं मशीन घेतलं होतं. त्याचा मला कोण अभिमान. ऐटीत काच पुसली, दोन प्रती काढल्या, पैसेसुद्धा घेतले नाहीत.

त्या रात्री परत आला तेव्हा त्यानं काय झालं ते सांगितलं. श्रावणआबा बाजेवर बसून होते, डोळे अधू पण डोकं लख्ख. आप्पांचं नाव काढताच त्यांनी भास्करचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग कागद हातात घेतला, उन्हाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. "आठे तं समदं काळंच शे भो. याले तोंड कोठे शे?" माझ्या मशीननं अकरा चेहऱ्यांची अकरा भोकं केली होती. "खरा फोटो लई ये, मी सांगसू," आबा म्हणाले. भास्करनं पुढच्या रविवारी मूळ फोटो आणायचा वायदा केला.

पुढच्या रविवारी कारखान्यात त्याची पाळी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी मेहुणीचं लग्न. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं गेलो. मी आपण होऊन बरोबर गेलो, कारण तीन आठवडे मला जेवण गोड लागत नव्हतं. फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून भास्करच्या मांडीवर. अंगणातच आबांची सून भेटली. पदर सावरत म्हणाली, "आबानी वाचा गई भाऊ." चार दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता.

भास्करनं तरी फोटो त्यांच्यापुढे धरला. आबांनी तो पाहिला. डावा हात उचलला, बोट पुढे आलं आणि थेट मागच्या रांगेतल्या तिसऱ्या चेहऱ्यावर टेकलं. त्यांना सगळं माहीत होतं. ओठ हलले, घशातून घरघर आली, डोळ्यांतून घळाघळा पाणी... आणि शब्द नाही. लिहिता त्यांना कधीच येत नव्हतं. भास्करनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आबा, मी अक्षरं म्हणतो. बरोबर आलं की हात दाबा." आणि तो म्हणू लागला. क... ख... ग... पन्नाशीकडे झुकलेला माणूस, बाजेपाशी गुडघ्यांवर बसून. 'द'ला हात दाबला. भास्कर मोहरला. दगडू? दाबला. दामू? दाबला. दशरथ? तेही दाबलं. मग 'म'ला दाबला, 'स'ला दाबला. आबा रडत होते आणि रडता रडता प्रत्येक अक्षराला हात दाबत होते. शेवटी सूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आते."

परतीच्या गाडीत भास्करनं फोटो पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळला. मग म्हणाला, "आज ऊन चांगलं होतं रे. फोटो स्पष्ट दिसला त्यांना." मला चूक बोलून दाखवली असती तर बरं झालं असतं. त्यानं त्या दिवशी दाखवली नाही आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांतही नाही. पंधरा दिवसांनी आबांच्या अस्थी रामकुंडावर आल्या. बाडात नोंद होताना भास्कर तिथंच उभा होता.

त्यानंतर तो शोधत राहिला, पण आता शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. वर्षाच्या जमण्याला माणसं कमी होत गेली. नातवंडं पुण्या-मुंबईला गेली. एका वर्षी वहिनींनी मिसळ केली आणि आम्ही तिघंच होतो. मग भास्करच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा हाताला सुया, तोंड सुजलेलं. मला जवळ बोलावून विचारलं, "पहिल्यांदा 'द'लाच दाबला होता ना रे?" मी हो म्हणालो. मला खरंच आठवत नव्हतं.

कपाट मी एकदाच उघडलं. बिल्ले, ठिगळ, पत्रं, आणि वरच्या कप्प्यात फोटो. त्याच्याखाली, नीट घडी घालून, माझी ती काळी झेरॉक्स. त्यानं ती फेकली नव्हती. मागे 'द'पासूनची नावं, बारीक अक्षरात, कागदाच्या कडेपर्यंत. दौलत, देवराम, दत्तू, धर्मा, असा 'द' सोडून 'ध'पर्यंत गेलेला. कपाटासमोर फरशीवर बसून मी मोठ्यानं रडलो. मी त्याचा जन्मभराचा घास हिरावला आणि त्यानं माझी चूक जपून ठेवली.

आता सर्वपित्री येईल. मी जाणार आहे. दहा नावं पाठ केली आहेत, यंदा भास्करचंही घेईन. पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

हा लेख मागितला तेव्हा वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या बाईंनी फोटो हवा म्हणून सांगितलं, झेरॉक्स चालेल म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मूळ फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर ठेवून, स्वतः नेऊन दिला. तो शेजारी छापला आहे. त्या पोराला ओळखणारं कुणी उरलं नसणार, हे मला कळतं. तरी जरा उजेडात धरून बघा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, टोपी तिरपी, वर बघतोय.