ताईच्या प्रोटीनचा वळसा

ताईला आमच्या गल्लीत सगळे स्वेटरताई म्हणतात. भर उन्हाळ्यातही तिच्या खांद्यावर एक करडा स्वेटर असतो, कारण तिच्या प्रयोगशाळेतली एक खोली बारा महिने फ्रिजसारखी गार ठेवलेली असते आणि तिचा निम्मा दिवस त्या खोलीत जातो. मी तिचा धाकटा भाऊ. दातांच्या कवळ्या बनवतो. तिला तिच्या कामाबद्दल खोदून खोदून विचारणारा घरात मी एकटाच, त्यामुळे ही हकीकत माझ्याकडे आली.

मलेरियाचा जंतू रक्तात आला की त्याला तांबड्या पेशीत घुसावं लागतं. घुसण्याआधी तो पेशीला घट्ट धरतो, आणि धरायला त्याच्याजवळ एक प्रोटीन असतं. ते दिसतं कसं, हे शोधून काढायचं ताईचं काम. एवढी बारीक वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. म्हणून आधी त्या प्रोटीनचे स्फटिक वाढवायचे, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि किरण कुठे कसे विखुरतात त्यावरून आकार ताडायचा.

पण प्रोटीन महाहट्टी निघालं. थेंबाथेंबात निरनिराळी रसायनं मिसळून ताई वाट बघायची आणि हाती नुसता गाळ यायचा. एकदा मात्र लखलखीत स्फटिक दिसले. ती नाचतच घरी आली, आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं. आठवड्याने कळलं की ते मिठाचे होते. जे द्रावण वापरलं, त्यातल्याच मिठाचे खडे झालेले.

"मीठ दुकानात मिळतं गं," आई म्हणाली. "एवढं शिकायची काय गरज होती?"

ताईसुद्धा हसली. पण त्या दिवशी ती लवकर झोपली.

मग तिने वेगळी वाट धरली. पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन बरी झालेली माणसं असतात. त्यांच्या रक्तात या प्रोटीनला पकडणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. तशी एक अँटिबॉडी तिने प्रोटीनला जोडली. प्रोटीनच्या साखळीचा एक वळसा सारखा वळवळायचा, म्हणूनच स्फटिक जमत नव्हते; तो त्या पकडीत स्थिर झाला आणि स्फटिक वाढले. यावेळी खरे. आकार मिळाला. साहेबांनी, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली.

त्यावरचा शोधनिबंध लिहून होत आला होता, आणि एका सकाळी दुसऱ्या देशातल्या एका बाईंनी त्याच प्रोटीनचा आकार छापला.

ताई थेट माझ्या वर्कशॉपमध्ये आली. गुलाबी मेणाचे तुकडे बाजूला सारून स्टुलावर बसली.

"गेलं सगळं," ती म्हणाली.

मी चहा पुढे केला. तिने तो घेतला, पण प्यायली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "गंमत म्हणजे त्यांचा वळसा माझ्यासारखा नाही. भलतीकडेच गेलाय."

"मग त्यांचं चुकलंय."

"साहेबही तेच म्हणतात. म्हणतात, तसं लिही, लगेच छापू."

"मग लिही ना."

"चुकलंय की नाही ते मला कुठे माहीत आहे?"

मी कवळी घासत बसलो. आमची ताई अशीच आहे. लहानपणी भांडणात मी हरलो तरी ती पुन्हा येऊन विचारायची, तुझं म्हणणं नेमकं काय होतं रे?

तिने त्या बाईंना पत्र पाठवलं. आधी अभिनंदन केलं, मग त्यांची मूळ मोजमापं मागितली. बाईंनी ती सगळी पाठवली, वर लिहिलं, तपासा, मलाही धाकधूक आहे. साहेब चिडले. इकडे वेळ चाललाय आणि ही दुसऱ्यांचे हिशेब तपासत बसली आहे, असं चारचौघांत बोलले. ताई मात्र गार खोलीचं काम उरकून रोज संगणकापुढे बसत राहिली.

शेवटी उलगडलं. त्यांचं बरोबर होतं आणि हिचंही. वळसा हलतो, आणि बाईंनी प्रोटीन अँटिबॉडीशिवाय पाहिलं होतं. मोकळा असला की उघडा राहतो आणि पेशीला धरतो. अँटिबॉडी त्याला मिटून ठेवते, मग त्याला काही धरता येत नाही. एकट्या त्यांच्या चित्रावरून हे कळलं नसतं, एकट्या हिच्याही नाही. पुढे काचेच्या भांड्यात पाहिलं तर ती अँटिबॉडी घातल्यावर बहुतेक जंतू पेशीबाहेरच राहिले.

दोघींनी मिळून निबंध लिहायचं ठरवलं आणि त्या बाई आमच्याकडे आल्या. उंच, किडकिडीत, बोलताना सारखा चष्मा पुसणाऱ्या. जेवायला बसल्या आणि दोघींचे हात हवेत वळसा काढू लागले, उघडा, मिटलेला, पुन्हा उघडा. पानातलं गार झालं.

"वळसा कुठे पळून जातोय का?" आई म्हणाली. "आधी जेवा."

ताईने आईचं बोलणं बाईंना समजावलं. बाईंनी निमूटपणे घास घेतला.

भांडण झालं ते नावांवरून. निबंधावर आधी कोणाचं? ही म्हणे तुमचं, त्या म्हणत तुझं. दोघी इतक्या हटून बसल्या की शेवटी आईने माझ्याकडून नाणं घेऊन उडवलं. बाईंचं नाव पहिलं आलं. ताईचा चेहरा क्षणभर उतरलेला मी पाहिला. मग तिने आईला विचारलं, "भात उरलाय का गं? भूक लागलीय मला."

लस अजून लांब आहे. आईला शेजारणी विचारतात, संपला का मलेरिया? ती सांगते, "नाही हो. पण आमची आणि तिची ती मैत्रीण, दोघी मागे लागल्यात त्याच्या."