सगुणाबाईंची काचेतली लावणी

निडी गावच्या शेतावर भाताची लावणी सुरू झाली की सगुणाबाईंना ओळीच्या कडेला उभं करायचे. त्या मागं सरकत लावत निघाल्या की बाकीच्या बाया त्यांच्याकडे बघून ओळ धरायच्या. दोरी बांधायची गरज पडत नसे. त्यांचे यजमान गुणाजी आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी वाहून आणायचे, बांधावर उभे राहून ती ओळ बघायचे आणि दरवर्षी एकच विचारायचे, "दोरी लावलीस काय गो?" याहून जास्त कौतुक त्यांना कधी जमलं नाही.

पुढे सगुणाबाईंचे गुडघे गेले. शेत पुतण्याकडे, जगनकडे, कसायला दिलं आणि दोघं रोह्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आली. मुलगा मितेश कंपनीत शिफ्टला, सून दिपिका बालवाडीत शिकवायला. घरात सगुणाबाईंना काम असं उरलंच नाही. त्या भाजी निवडायच्या आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायच्या. गुणाजींना ते दिसायचं.

हॉलच्या कोपऱ्यात मितेशनं हौसेनं घेतलेली माशांची काचेची टाकी होती. प्लॅस्टिकची झाडं त्याला नको होती, पाण्याखाली खरी हिरवळ हवी होती. पेणच्या दुकानातून तो रोपं आणायचा, वाळूत खोचायचा. थोड्या दिवसांत पानं पिवळी पडून विरघळायला लागायची. मग तो सगळं उपटून फेकायचा आणि नवीन आणायचा.

शेवटी दिपिकानं सांगून टाकलं, "दिवाळीच्या साफसफाईत ही टाकी जाणार. इथं चपलांचं कपाट बसेल."

"मी लावून बघू काय एकदा?" सगुणाबाई म्हणाल्या.

रोह्याला आल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं गुणाजींनी पहिल्यांदाच ऐकलं.

मितेशनं पेणहून रोपं आणून दिली. आणि सगुणाबाईंनी, कुणाला न सांगता, टाकीच्या तळाशी तुळशीसाठी ठेवलेलं शेणखत पसरलं. वरून वाळू घातली आणि रोपं लावली. खताशिवाय काही येतं, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

आठवडा गेला नाही तोच पाणी डबक्यासारखं हिरवं झालं. मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करायला लागले. मितेश शिफ्टवरून आला, त्यानं घाईघाईनं मासे बादलीत काढले. दोन मेले होते.

"आई, खाली काय घातलंस?"

"शेणखत. दुसरं काय घालतात?"

"अगं, शेतात खत पडलं तर आपण बांधावर राहतो. मासे त्यातच राहतात ना."

 दिपिकानं फक्त खिडक्या उघडल्या. सगुणाबाईंना तेच जास्त लागलं. संध्याकाळी त्या गुणाजींना म्हणाल्या, "आपण निडीला जाऊ. हितं माझा हात चालत नाय."

 सकाळी उठून गुणाजींनी एक पिशवी घेतली आणि गाडी पकडून निडीला गेले.

"काका, माती कशाला? रोह्याला माती नाय काय?" जगननं विचारलं.

"काकीला पायजे."

"काकी फ्लॅटवर भात लावते की काय?"

"व्हय."

बांधालगतची, खत न पडलेली माती त्यांनी भरून आणली आणि सगुणाबाईंच्या पुढ्यात ठेवली. "ही बघ. हिच्यात खत नाय. आता काय निमित्त सांगशील?"

या खेपेला मायलेकांनी मिळून काम केलं. मितेशनं टाकी धुतली. सगुणाबाईंनी माती भिजवून वर तरंगलेला काडीकचरा काढला, तळाशी थर दिला. मागं उंच, पुढं उतरता. माती घसरू नये म्हणून मध्ये दगडांचा बांध घातला. वर धुतलेली वाळू. मितेशनं ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे वाळू उठत नाही. मग सगुणाबाई स्टुलावर बसल्या, बांगड्या मागं सारल्या आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. दोन बोटं आणि अंगठा, मूळ दाबायचं आणि हात सोडवून घ्यायचा. मनगट तेच होतं. गुणाजी पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"आई, सरळ ओळीत लावलंस? हे खाचर नाय," मितेश हसला. "लोक टाकीत जंगलं करतात."

"फुटवे येऊ दे. मग ओळ शोधून दाखव."

पण फुटव्यांच्या आधी पानं पिवळी पडली. कडा बुळबुळीत झाल्या. मितेशनं उपटायला हात घातला तेव्हा सगुणाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"आवण उपटून लावलं की पिवळं पडतंच. मूळ धरू दे त्याला."

पाण्याखालच्या रोपाला हा नियम लागू होतो की नाही, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्या रोज कुजलेली पानं तेवढी खुडायच्या. मितेश थोडं थोडं पाणी बदलायचा, टाकीवरचा दिवा वेळेवर बंद करायचा. दिवाळी जवळ आली. दिपिकानं कोपऱ्याचं माप घेतलं. सगुणाबाईंनी ते पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

एका सकाळी दिपिका केर काढता काढता टाकीपाशी वाकली ती वाकलेलीच राहिली.

"आई, हे कोवळं पान आधी होतं का?"

सगुणाबाई गुडघ्यावर हात ठेवत आल्या, निरखून बघितलं. "नाय. हे हितलं हाय. ह्या पाण्यातलं."

त्यानंतर वाढ थांबली नाही. पुढचं गवत पसरलं, मागची लांब पाती पाण्यात डोलायला लागली, बांधाचे दगड अर्धे झाकले. टाकीत परत सोडलेले मासे त्यात शिरून दिसेनासे व्हायचे. साफसफाईच्या दिवशी दिपिकानं टाकीची काच मऊ फडक्यानं पुसली. चपलांचं कपाट दाराबाहेर गेलं.

दिवाळीत शेजारच्या वैशालीताई फराळ घेऊन आल्या आणि टाकीसमोर उभ्याच राहिल्या. त्यांच्याकडेही टाकी होती, रिकामी. सगुणाबाईंनी वाढलेले शेंडे खुडले, दोऱ्यानं बांधून आवणासारखी मूठ केली आणि त्यांच्या हातात दिली.

"पानं पिवळी पडली तर उपटू नका हं," दिपिका म्हणाली. "आवण आहे ते, पिवळं पडतंच." तिनं आयुष्यात कधी लावणी केली नव्हती.

वैशालीताई गेल्यावर गुणाजी टाकीजवळ आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"दोरी लावलीस काय गो?"

"ओळ दिसते काय आता कुठं?"

"मला दिसते," गुणाजी म्हणाले आणि चकली घ्यायला आत गेले.