सुतळीचं माप

माझ्या सासऱ्यांना पुढचं दिसतं, असं अमरावतीच्या बाजारात लोक बोलत. कोणतीही नवी चीज गावात यायच्या आधी त्यांना तिचा वास लागतो म्हणे. हे ऐकून मला तेव्हा वीट यायचा आणि आता केस पांढरे झाल्यावर जास्तच येतो. त्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं. दिसायचं ते मला, आणि तेही सुतळीत.

आमचा फुलांचा मळा तिवशाच्या रस्त्याला होता आणि दुकान मंडईच्या तोंडाशी. सासरे पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला, मी मागे पडद्याआड हार गुंफायला. आमच्याकडे नवी चीज सुरू करायची तर आधी तिला नारळ आणि हार. माणसाच्या हाराचं माप कोणी सांगत नाही, गळे सगळ्यांचे सारखेच. यंत्राचं मात्र सांगावं लागतं. मग गिऱ्हाईक ते यंत्र सुतळीने मोजायचं, गाठ मारायचं आणि सुतळी आमच्याकडे आणून टाकायचं.

धंदेवाईक लोक भारी आतल्या गाठीचे. शेजारच्या दुकानदाराला कळू नये म्हणून ते हार कशाला हवा हे सांगायचे नाहीत. विचारलं तर घरचं काम आहे म्हणायचे. पण सुतळी कुठे लपते? मोटारीची सुतळी एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, मधे झोळ ठेवलेली. मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनाची चाकाभोवतीची, तेलाचे डाग पडलेली. फोनोग्राफच्या कर्ण्याची तर वासराच्या दाव्याएवढी. मी सगळ्या सुतळ्या खुंटीला टांगून ठेवत असे आणि संध्याकाळी सासऱ्यांना वाढताना सांगत असे की अमुक पेठेत अमुक येणार दिसतंय. ते मान न हलवता जेवत. दुसऱ्या दिवशी पडद्याआडून मला माझंच बोलणं ऐकू येई.

बोलणं चोरलं याचं मला इतकं वाटलं नसतं. मला किळस यायची ती त्यांच्या सांगण्याच्या तऱ्हेची. डोळे अर्धे मिटायचे, जरा थांबायचं, मग हळूच म्हणायचं, "मले फुलायच्या भावावरून समजते." कसले भाव आणि कसलं काय! समोरचे मात्र तोंड उघडं टाकून बसायचे.

पैशाचा लोभ त्यांना नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यांना गादी हवी होती. मंडईतल्या एका धान्याच्या अडत्याकडे आमच्या जातीच्या माणसाने पायरीवर उभं राहायचं, अशी रीत होती. पुढची खबर मिळू लागल्यावर तोच अडत्या सासऱ्यांना हाताला धरून गादीवर बसवू लागला, पान देऊ लागला. ते पान गालात धरून सासरे घरी येत आणि जेवायची वेळ झाली तरी थुंकत नसत. गल्लीने पाहावं म्हणून ओटाभर फिरत. लाल लाळ हनुवटीवर आलेली असे. मी पाट मांडून खाली बघत बसे.

दिवाळीच्या महिनाभर आधी अकोल्याचा एक कोटवाला माणूस आला. पाडव्याला फुलं मिळत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवतो म्हणाला. दोन सुतळ्या दिल्या आणि हार मंडईमागच्या रिकाम्या गाळ्यात पोचवायचे, एवढं सांगितलं. एक मोठी, तेलकट, ती इंजिनाची. दुसरी गोल मापाची. काय करायचं आहे ते सांगायला तो तयार नव्हता. पण जाता जाता बोलून गेला, की दुसरा हार घट्ट गुंफा, पाकळी सुटून वरच्या भोकात पडायला नको.

दुपारी घरी गेल्यावर मी ती सुतळी आमच्या जात्याभोवती गुंडाळली. वीतभर उरली. वर भोक, खाली गोल दगड आणि फिरवायला इंजिन. मला कोणी सांगायची गरज राहिली नाही. पिठाची चक्की येत होती.

रात्री वाढताना मी सासऱ्यांना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. सकाळी आंघोळ न करता ते अडत्याकडे गेले. अडत्याने चक्कीच्या शेजारची जागा त्याच आठवड्यात धरली, म्हणजे लोक धान्य त्याच्याकडून घेतील आणि बाजूला दळतील. कोणाजवळ बोलू नका, एवढं त्याने बजावलं. सासऱ्यांनी शब्द दिला. शब्दाला ते फार जपत, म्हणजे गादीवरच्या माणसाला दिलेल्या शब्दाला.

आमच्या गल्लीत एक विधवा बाई दळण दळायची. आठ-दहा घरांची ज्वारी तिच्या दोन हातांवर होती. आम्ही तिला मावशी म्हणत असू. माझ्या दोन्ही बाळंतपणांत महिना-महिना आमचं दळण तिने दळलं आणि ते सांगून दाखवलं नाही. तिचं जातं छिन्नीने टाकी लावून लावून भाकरीसारखं पातळ झालं होतं. रिद्धपूरकडचा एक पाथरवट नवी जोडी द्यायला तयार होता, बदल्यात तिची दुभती शेळी मागत होता. त्या शेळीच्या दुधावर तिची लहानी नात वाढत होती.

ती विचारायला कोणाकडे आली? पुढचं ज्यांना दिसतं त्यांच्याकडे. दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "भाऊ, तुमाले पुढचं समजते. दगड घेऊ का नको?"

सासऱ्यांनी डोळे अर्धे मिटले. जरा थांबले. पडद्याआड मला वाटलं, निदान आता तरी हा माणूस घुटमळला. घुटमळला कसला. ते म्हणाले, "घे ना. लोक काय खाणं सोडून देऊन राहिले?"

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणूनच मला जास्त शिसारी आली. चक्कीची ती सुतळी माझ्या मांडीवर होती. पडदा सारून एक वाक्य बोलायचं होतं, नको घेऊ मावशी, एवढंच. सुनेने गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि दोरा दातांनी तोडला.

पाडव्याला चक्की सुरू झाली. हार माझ्या हातचा होता आणि पाकळी एकही सुटली नाही. आधी लोकांनी नाकं मुरडली. चक्कीचं पीठ गरम असतं, पोटात जळतं, भाकरी थापली जात नाही. संक्रांतीपर्यंत सगळी नाकं सरळ झाली. आमच्या घरचं धान्यही जाऊ लागलं आणि खरं सांगते, माझे खांदे रात्रीचे दुखायचे थांबले तेव्हा मला बरं वाटलं. चक्की वाईट होती असं मी म्हणणार नाही. वाईट आम्ही होतो.

मावशीकडे नवी जोडी आली होती आणि शेळी गेली होती. दळण एकाही घरचं राहिलं नव्हतं.

होळीच्या आसपास ती दुकानावर आली. सासऱ्यांभोवती चार माणसं बसली होती, आता काय नवं येणार ते ऐकायला. तिने कमरेची सुतळी काढली आणि त्यांच्या हातात दिली. गाठ मारलेली होती. हार पाहिजे म्हणाली.

सासऱ्यांनी सवयीने विचारलं, कशाला?

"तुमीच ओळखा ना. तुमाले तं सारं अगोदर समजते."

माणसं हसली. सासऱ्यांनी सुतळी हातांवर ताणली, गोल केली, पुन्हा ताणली. हा माणूस सुतळी वाचायला कधी शिकलाच नव्हता. कोणत्या यंत्राची आहे, कोणत्या पेठेतली आहे, असं ते पुटपुटू लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला ते बघवेना, आणि खोटं कशाला बोलू, त्यांची फजिती चारचौघांत पुरी करावी अशीही इच्छा झाली. मी पडदा सारून बाहेर आले, सुतळी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "जात्याची आहे."

सासरे खाली बघू लागले. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"हातात घेतल्याबरोबर ओळखली तुनं," ती म्हणाली. "मंग चक्कीवाल्याचीबी ओळखली असशीन."

ती पायरी उतरून गेली. हार न्यायला ती आली नाही, आणि तिची सुतळी खुंटीला टांगायचं धाडस मला झालं नाही.