प्याद्याची मात

परवा नातीनं मोबाईल गादीवर आपटला. महिनाभर कुठलातरी खेळ खेळत होती. शेवटचा राक्षस मारला म्हणे, आणि पडद्यावर नुसती नावं वर सरकत गेली. "आज्जी, हा काय शेवट झाला? जिंकल्यासारखं वाटलंच नाही!"

"बाई गं, जिंकणं वेगळं आणि डाव नीट संपवणं वेगळं," मी म्हटलं. "ते मला विचार. मी सांगलीजवळच्या आष्ट्याची, बुद्धिबळवेड्या गावची आहे." ती हसली. हसू दे. या एका बाबतीत मला गर्व आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरची. मी मॅट्रिकला होते. आमचं किराणा दुकान, आणि दुकानामागच्या सोप्यात बुद्धिबळाचा पट. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला पटावरची मोहरी हलवायला शिकवली. पण मला खरं तयार केलं ते अण्णांच्या मित्रानं, सुभेदारकाकांनी. फौजेतून परत आलेले, उसाची शेती, मिशी अशी की बोलायच्या आधी तीच हलायची. खेळ आमचा देशी. त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून राजा एकटा उरला, की झाला बुर्ज. बुर्ज म्हणजे बरोबरी, केलेल्या सगळ्या कष्टांवर पाणी. म्हणून जिंकणाऱ्यानं समोरच्याचं एखादं तरी मोहरं राखायचं. आणि दुसरी, मात कशानं दिली याला मान. वजिरानं दिली तर ठीक. प्याद्यानं दिली तर गावभर चर्चा.

"वजिरानं मात देन्यात काय हाय?" काका म्हणायचे. "दांडग्यानं बारक्याला बडवलं, एवढंच. प्याद्यानं राजा धरला तर म्हनावं खेळ."

सांगलीत तेव्हा बायकांच्या स्पर्धा व्हायला लागल्या होत्या. मला जायचंच होतं. आईचं म्हणणं, पोरीच्या जातीला कशाला चव्हाट्यावर बसवायचं? अण्णा आम्हा दोघींच्याही म्हणण्याला मान डोलवायचे. शेवटी म्हणाले, "सुभेदाराला हरवून दाखव, नेतो." सोपं वाटतं, पण काकांना तोवर मी एकदाही हरवलं नव्हतं. आदल्या महिन्यात जिंकत आले होते, आणि हावरटासारखं त्यांचं शेवटचं प्यादं मारलं. "बुर्ज!" काका मांडीवर थाप मारून ओरडले. "पोरींना शेवटाला धीर न्हाई बगा अण्णा!" मला इतका राग आला की दोन दिवस मी पटाकडे पाहिलं नाही.

अर्ज द्यायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी शेवटचा डाव लागला. आम्ही जैन. जेवण दिवस मावळायच्या आत, नंतर पाणीसुद्धा नाही. म्हणून घरचा कायदाच होता, दिवस मावळायला आला की पट उचलायचा. राहिलेला डाव मेला, उद्या पुन्हा नवा. काका हे पुरतं ओळखून होते. हरायला लागले की तंबाखू काढायचे, मळत बसायचे, चुना शोधायचे. त्या दिवशीही तेच. उन्हं समोरच्या कौलांवरून सरकत होती आणि हा माणूस तळहातावर तंबाखू चोळतोय! मला वाटलं, ती डबी विहिरीत टाकावी.

शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक घोडा उरला. माझा वजीर एक घर पुढं सरकला असता तर तिथंच मात होती. सांगली पक्की. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, "भाकरी वाढल्यात, उठा आता." मी वजिराला हात लावणार, एवढ्यात काका मिशीत हसले. "कर की गड्या, दांडग्याला पुढं कर."

झालं. माझं डोकं फिरलं. मी हात मागं घेतला आणि प्यादं सरकवलं. अजून एक खेळी, मग प्याद्याचीच मात होती. अण्णा चटकन ताठ बसले.

काकांचं हसू गेलं. त्यांनी बराच वेळ पट बघितला आणि आपला घोडा आणून माझ्या वजिराच्या तोंडाशी ठेवला. फुकटात. घे म्हणून. तो मारला की राजा एकटा, म्हणजे बुर्ज. माझा हात निघालाही होता, खोटं कशाला सांगू! मागचा "बुर्ज" कानात वाजला आणि हात थांबला. मी पुन्हा पहिल्यापासून घरं मोजायला लागले. चुकायचं नव्हतं.

"अण्णा," काका म्हणाले, "दिवस बुडतोय. पट उचलायचा न्हवं?"

आई दारात येऊन उभी. मी अण्णांकडे बघितलं. तापात फणफणलेले असतानासुद्धा ज्यांनी सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट घेतला नव्हता, असा माणूस तो. त्यांनी पटावरची नजर काढली नाही.

"बुडू दे," म्हणाले.

मी प्यादं पुढं सरकवलं. "शह आणि मात, काका."

काकांनी राजाला चारी अंगांनी हलवून बघितलं. घर नव्हतं. मग स्वतःच्या हातानं राजा आडवा केला आणि आईकडे वळले. "आवं वहिनी, पोरीची पिशवी भरा. सांगलीला न्हाई धाडली तर मी सोता घेऊन जाईन." थोडं थांबून हळू म्हणाले, "लय वर्सांनी पोटभर हरलो."

आमची भाकरी-आमटी आईनं डब्यात भरून त्यांनाच दिली, कारण आता आमच्या कुणाच्या पोटात ती जाणार नव्हती. हरलेला जेवला, जिंकलेली उपाशी! आई पुटपुटत होती. पण डब्यावर तिनं गुळाचा खडा ठेवलेला मी पाहिला.

सांगलीत मी तिसऱ्या फेरीत हरले. तिथले नियम परदेशी, प्याद्यानं मात दिली तरी वेगळा मान नव्हता, बुर्जही नव्हता. मला काही वाटलं नाही. माझा डाव घरीच नीट संपला होता.

त्या संध्याकाळी काका गेल्यावर मी पटावरची मोहरी डब्यात भरायला घेतली. अण्णांनी माझा हात धरला. कंदील पुसून पटाशेजारी आणून ठेवला, राजा उभा केला, घोडा जागेवर ठेवला.

"भूक लागली असेल ना तुम्हाला?" मी विचारलं.

"गप गं," अण्णा म्हणाले. "त्या दोन खेळ्या परत दाखव."

सात वेळा दाखवल्या.