पोथीची दोरी

“आधी धरायचं, मगच सोडायचं,” असे म्हणून मिस्त्री उजव्या हाताची तर्जनी वर करीत. आकाशातून काही निसटू पाहत आहे आणि आपण ते एवढ्या एका बोटावर तोलून धरले आहे, असा त्या वेळी त्यांचा चेहरा होई. मंगळवार पेठेत त्यांच्या पत्र्याच्या छपरीपुढे घटकाभर थांबलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकले आहे. आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवतही असेल.

महाराज गादीवर होते आणि करवीरात मोटारी बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मिस्त्री मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी वडील. तरी मी त्यांना ‘अरे मिस्त्री’ म्हणत असे. आज लेखणी ‘ते’ लिहिते. फार उशिरा लिहिते.

छपरी माझ्या पाठशाळेच्या वाटेवर होती. एका वकीलसाहेबांची मोटार तेथे नेहमी दुरुस्तीला असे. तिच्या इंजिनातली झडप वरून लटकलेली असायची आणि एक स्प्रिंग तिला वर ओढून धरायची. स्प्रिंग बदलावयाची तर झडप सुटून आत पडणार आणि सारे इंजिन उघडावे लागणार. यावर मिस्त्रींची युक्ती होती. प्लगच्या भोकातून सुताची दोरी वेटोळी करीत आत भरायची आणि हँडल हळूच फिरवायचे. खालचा दट्ट्या वर येई, दोरी झडपेखाली घट्ट दाबून बसे, आणि मग स्प्रिंग खुशाल काढावी.

“अरे मिस्त्री, दोरीच का? लोखंडाची सळई का नको?”

“सळईनं वरखडा पडतोय, शास्त्रीबुवा. दोरी कशी, आईच्या हातावाणी धरती बघा.”

झडपेच्या वर केसाएवढी फट ठेवावी लागे. ती ते तर्जनीच्या टोकाने चाचपून पाहत. “वकीलसाहेबांचा कायदा बुकात, तुमचं शास्तर पोथीत, आन् माझं ह्या बोटात,” असे म्हणून खो खो हसत.

एके सकाळी नृसिंहवाडीहून निरोप आला, की माझे गुरुजी शेवटच्या घटका मोजीत आहेत. त्यांनी स्वहस्ते लिहून मला दिलेल्या पोथीचे वाचन माझ्या मुखातून ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. वकीलसाहेबांनी मोटार दिली आणि चालवायला मिस्त्री दिले. मी त्यांना हत्यारांची पिशवी नीट भरूही दिली नाही. “चला, चला,” करून भंडावून सोडले.

हातकणंगले ओलांडले आणि इंजिन खडखडू लागले. मिस्त्रींनी झाकण उघडून पाहिले. स्प्रिंग तुटली होती. पिशवीत नवी स्प्रिंग होती, ती दाबायचा चिमटा होता; दोरी मात्र माझ्या घाईपायी छपरीतच राहिली होती.

त्यांनी फेट्याचे टोक चाचपले आणि सोडून दिले. “जुनं कापड हाय. फाटून आत ऱ्हायलं तर इंजिनच बसल.” मग त्यांची दृष्टी माझ्या मांडीवर गेली. पोथीच्या रुमालाभोवती माझ्या आईने स्वतः वळलेली दोरी होती; लांब, मऊ, घट्ट पिळाची.

“शास्त्रीबुवा, घटकाभर ही देता काय? धुऊन देतो की.”

मी पोथी उराशी धरली आणि म्हणालो, “धुऊन जाणारा डाग नव्हे तो, मिस्त्री.”

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मान हलवली, आणि जणू मी दोरी वितभर आखूड आहे एवढेच सांगितले, तसे म्हणाले, “बरं, ऱ्हाऊ द्या. बोटानं धरतो झडप. पर इंजिन निवाय दोन तास जातील. तुमचं गुरुजी थांबतील व्हय तवर?”

मी मान वर करून सूर्य किती चढला ते पाहिले. त्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला.

प्लगच्या भोकातून त्यांनी तर्जनी आत घातली आणि तापलेली झडप खालून उचलून धरली. “या अल्ला,” एवढे एकदाच ऐकू आले. “चिमटा दाबा, शास्त्रीबुवा. सोडू नगासा.” तो मात्र मी दाबला. लोखंडाला विटाळ नसतो, असे मनाशी म्हणालो. डाव्या हाताने त्यांनी जुनी स्प्रिंग काढली, नवी बसवली. बोट बाहेर आले तेव्हा त्याचे टोक पांढरे पडले होते. मी दुसरीकडे पाहिले.

मी वेळेवर पोहोचलो. वाचन पूर्ण झाले. गुरुजींनी क्षीण स्वरात विचारले, “कुणी रे आणलं तुला इतक्या लवकर?”

“मोटारीनं आलो,” मी म्हणालो.

त्यांनी तृप्त मनाने डोळे मिटले. बाहेर येऊन पाहतो तो मिस्त्री घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर, कृष्णेच्या पाण्यात बोट बुडवून बसलेले.

जखम भरली, पण त्या टोकाला पुन्हा स्पर्श कळला नाही. काही महिन्यांनी मी तीच दोरी घेऊन छपरीत गेलो आणि “मिस्त्रीसाहेब, ही घ्या,” म्हणालो. ते डाव्या तर्जनीने फट चाचपत होते. चुकत होते, पुन्हा चाचपत होते.

“डाव्याला शिकवाय लागलोय,” ते हसून म्हणाले. “पोरगं मठ्ठ हाय जरा.” मग दोरीकडे पाहून, “न्या माघारी. पोथी कशानं बांधणार मग? आन् आता माझ्यापाशी हाय की दोरी.”

क्षमा मागण्याचे शब्द मी संस्कृतात शेकडो वेळा म्हटले आहेत. त्या दिवशी मराठीत एकही सापडला नाही.

पुढे मिस्त्री तापाने गेले. मला आठ दिवसांनी कळले. छपरीला कुलूप होते.

पोथी मी आजही रोज सोडतो, रोज बांधतो. दोरी कितीदा तरी धुतली, उन्हात वाळवली. ती पांढरीशुभ्र आहे. तेलाचा एक थेंबही तिला कधी लागलेला नाही.