माझा पार्ट बाबांनी केला तेव्हा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘चिकित्सक विचार’ नावाचा एक पेपर होता. गडचिरोलीच्या वसतिगृहात त्या नावावरून आम्ही पोरींनी किती खिदळून घेतलं! विचार करायचा तर त्याला पेपर कशाला? आमच्याकडे पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस चिकित्सकच. त्या पेपरात पाठ केलेली तर्कदोषांची लांबलचक नावं आता पार विसरले. एक गोष्ट मात्र अंगात मुरली.

शिकवायला एक बाई होत्या. वर्गात कुणी तावातावानं बोललं की त्या सरळ खिडकीबाहेर बघत बसत. एकदा त्यांनी सांगितलं, घरचं एखादं भांडण घ्या आणि समोरच्याची बाजू लिहून आणा. ती त्याला वाचून दाखवा. तो म्हणाला पाहिजे, बरोबर, मला हेच म्हणायचं होतं. तोवर त्याला खोडायचा तुम्हाला हक्क नाही.

माझं भांडण तयारच होतं. मला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं आणि बाबा नाही म्हणत होते. वडशाजवळचं आमचं गाव, तलावातली मासोळी आणि थोडं धान यावर चालणारं घर. आई गेल्यापासून त्यात आम्ही दोघंच. मी रागारागात बाबांची बाजू लिहून काढली. लोक काय म्हणतील, पोरीची जात, लग्नाचं वय निघून जाईल, पुणं लांब. लिहिलं मात्र झकास, असं माझं मत.

दर शनिवारसारखी एसटीनं गावी गेले. बाबा तलावाच्या पाळीवर जाळं सांधत बसले होते. पाण्याचा तो हिरवट, चिखलट वास मला पुढे कुठंच भेटला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं वाचून दाखवलं.

“हे मायं नाई,” ते मान वर न करता म्हणाले. “लोकाइले मी कवा भेलो?”

“मंग नाई काऊन म्हणता?”

त्यांनी जाळ्यात सुई घालून एक गाठ आवळली. “तुही माय गेली. आता तू बी गेली तं शनवारी सांजच्याले मी बोलू कोणाशी?”

खरं सांगते, मला त्यांचा आणखीच राग आला, कारण हे खोडता येण्यासारखं नव्हतं. म्हणून चिडून म्हटलं, “मंग आता तुमी माही बाजू सांगा. मले पटली पाह्यजे.”

दुसरा कुणी बाप असता तर उठून गेला असता. पण आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात, आणि बाबांनी तरुणपणी गावच्या नाटकात बायकांचे पार्ट केलेले. पार्ट करायचा म्हटला की त्यांना नाही म्हणवत नसे. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि माझ्यासारखं नाक फुगवलं.

“बाबा, मले शिकाचं हाये! इथी राह्यली तं मी रोज चिडीन आन् तुमच्यावरच काढीन!”

हुबेहूब मी. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांचा आवाज हळूच खाली उतरला.

“वापस येईन म्हणते मी, पण मले मालूम हाये, नाई येनार. तुमी मले बोलावू नोका, बाबा. तुमी बोलावलं तं मले यावंच लागंन.”

हे मी कधीच बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा नाही. तलावाकडे बघत राहिले, कारण बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

“बरोबर हाये का?” त्यांनी विचारलं.

बाईंचा नियम मीच घरी आणला होता. खोटं बोलायची सोय उरली नव्हती. मी म्हटलं, “हो.”

बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, त्यानं तोंड पुसलं आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

“मंग जाय,” ते म्हणाले.